ख्रिस्ती बांधव हजरत ईसा (अ.) यांच्या परतण्याची वाट कशी पाहतात?

नाताळच्या आधीचे चार रविवार वसई, मुंबई, पुण्याच्या अनेक चर्चमध्ये वेगळे असतात. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळा झगा असतो. हिरव्या पानांच्या गोल चक्रात चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एक जास्त पेटते. आपल्याला वाटते, ही नाताळची तयारी. पण हे अर्धेच खरे आहे. मराठी ख्रिस्ती लोक या दिवसांना 'आगमनकाळ' म्हणतात आणि त्यात दोन आगमनांचा विचार असतो. एक बेथलेहेममध्ये झालेला जन्म, दुसरे जगाच्या शेवटी येशू ख्रिस्तांचे परत येणे.

हा दुसरा भाग आपल्याला परका नाही. हजरत ईसा (अ.) पुन्हा येणार, हे मुसलमानही मानतात. म्हणूनच शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाची ही आशा नेमकी काय आहे, हे आपण समजून घ्यायला हवे.

ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते?

ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूंना क्रूसावर मृत्यू आला, तिसऱ्या दिवशी ते जिवंत झाले आणि चाळीस दिवसांनी जेरुसलेमजवळच्या जैतून डोंगरावरून आकाशात घेतले गेले. ते तसेच परत येतील, मेलेले उठवले जातील आणि सर्वांचा न्याय होईल. इ.स. 325 मध्ये निकिया (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) येथे धर्मगुरूंची परिषद भरली. तिथे ठरलेल्या श्रद्धेच्या कबुलीत हे परत येणे आहे आणि आजही चर्चमध्ये ती कबुली म्हटली जाते.

पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती लोकांची एक छोटी प्रार्थना होती, 'माराना था'. हे शब्द अरामी, म्हणजे येशूंच्या बोलीतले. अर्थ, 'आमच्या प्रभू, ये'. युरोपात मृताला पूर्वेकडे पाय करून पुरण्याची जुनी रीत पडली, तीही याच आशेतून. तो दिवस उगवेल तेव्हा उठणाऱ्याचे तोंड पूर्वेकडे असावे, ही त्यामागची भावना.

साम्य आणि फरक

कुरआनच्या सांगण्याप्रमाणे हजरत ईसा (अ.) यांना ना ठार मारले गेले, ना सुळावर दिले गेले. अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले (सूरह अन्-निसा : 157-158). सहीह मुस्लिममधील हदीसनुसार ते दमिश्कच्या पूर्वेला पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील आणि दज्जालचा अंत करतील. आपल्या दृष्टीने ते अल्लाहचे बंदे आणि प्रेषित आहेत, हिशोब घेणारा फक्त अल्लाह. ख्रिस्ती लोक त्यांना देवपुत्र आणि न्यायाधीश मानतात. हा फरक मोठा आहे आणि तो झाकायचे कारण नाही. पण एका बाबतीत दोन्हीकडे एकच शिकवण आहे : ती घडी केव्हा येणार, हे देवाशिवाय कोणालाही ठाऊक नाही.

तयारी म्हणजे नेमके काय?

मत्तयच्या शुभवर्तमानात यावर दृष्टांत आहेत. दहा कुमारिका रात्री नवरदेवाची वाट पाहत असतात. पाच जणींनी दिव्यासाठी जादा तेल आणलेले असते, पाच जणींनी नाही. नवरदेवाला उशीर होतो आणि तेल नसलेल्या बाहेर राहतात. त्याच अध्यायाच्या शेवटी न्यायाचे चित्र आहे. तिथे विचारणा होते ती भुकेल्याला जेवू घातले का, उघड्याला कपडे दिले का, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट घेतली का, याची. म्हणजे तयारी रोजच्या वागण्यातच आहे.

तरीही लोक चुकले. थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या काही जणांनी हातावर हात धरून बसणे पसंत केले, तेव्हा संत पौलाने त्यांना पत्रातून खडसावले. काम करायचे नसेल तर जेवायलाही मागू नये, असा त्याचा रोख होता.

22 ऑक्टोबर 1844

सर्वात गाजलेली चूक अमेरिकेतली. न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर हा शेतकरी. त्याने बायबलमधील दानीएलच्या पुस्तकातील 2300 दिवसांचा अर्थ 2300 वर्षे असा लावला आणि येशू 1843-44 च्या सुमारास येतील असा हिशोब मांडला. पुढे त्याच्या अनुयायांमध्ये 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की झाली. हजारो लोकांनी विश्वास ठेवला. काहींनी शेतातले पीक काढले नाही, काहींनी मालमत्ता सोडून दिली. तो दिवस उलटला, रात्र सरली, काहीच झाले नाही. लोक ढसाढसा रडले. इतिहासात याला 'महान निराशा' म्हणतात.

बरेच जण पांगले. उरलेल्यांपैकी एका गटातून 1863 मध्ये सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची रीतसर स्थापना झाली. येशू लवकर येणार, यावर या पंथाचा भर आजही आहे, पण आता तो त्याची तारीख सांगत नाही. वाट पाहता पाहता त्याने जगभर शाळा आणि इस्पितळे उभारली. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच पंथाची.

आपल्यासाठी यात काय आहे?

मिलरच्या लोकांना हसणे सोपे आहे. पण आपल्या मोबाईलवर काय फिरते, तेही पाहू या. अमुक युद्ध झाले, अमुक ग्रहण लागले, आता अमुक वर्षी कयामत! पुढे पाठवणारा सवाब समजून पाठवतो आणि घरातली मुले घाबरतात. कुरआन स्पष्ट सांगतो की त्या घडीचे ज्ञान केवळ अल्लाहकडे आहे (सूरह अल्-आराफ : 187). एकाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना कयामत कधी, असे विचारले, तेव्हा त्यांनी उलट विचारले की तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस? आणखी एका हदीसमध्ये तर हातात रोपटे असताना कयामत आली, तरी जमल्यास ते लावून टाकण्याची शिकवण आहे.

तेव्हा असा मेसेज आला तर पुढे ढकलू नका. मुलांनी विचारले तर त्यांना तारीख नाही, ते रोपटे सांगा. आणि डिसेंबरात शेजारच्या घरी चक्रातली मेणबत्ती दिसली, तर ती कशाची आहे हेही सांगा. आपल्या श्रद्धेवर ठाम राहून दुसऱ्याची आशा समजून घेता येते.