किशनप्रसादांची देवडी

मी कोण, हा प्रश्न आपल्याकडे दोन ठिकाणी विचारला जातो. वेदान्ती तो आत्म्याविषयी विचारतो आणि खानेसुमारीचा कारकून दारात उभा राहून विचारतो. वेदान्त्याच्या प्रश्नाला जन्म पुरत नाही. कारकुनाला मात्र तिथल्या तिथे उत्तर हवे असते, आणि तेही एका शब्दात. धर्म कोणता? त्या एका शब्दात माणूस कितपत मावतो, याचा विचार करताना मला नेहमी हैदराबादच्या महाराजा किशनप्रसादांची आठवण होते.

चारमिनारकडून दक्षिणेला गेले की शहाअलीबंडा हा भाग लागतो. हैदराबादेत उमरावाच्या वाड्याला देवडी म्हणत. इथे किशनप्रसादांची देवडी होती, आणि याच भागात राय रायान या मराठी ब्राह्मण घराण्याचाही वाडा होता. राय रायान हे निजामाचे वंशपरंपरागत दफ्तरदार. घरात मराठी, देवघरात संस्कृत, दफ्तरात फार्सी आणि दरबारात उर्दू, असा त्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. यांपैकी खरे राय रायान कोणते, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला असेल असे वाटत नाही. विचारला असता तरी त्यांना तो समजला नसता.

किशनप्रसादांचा जन्म १८६४ चा. घराणे खत्री, नानकपंथाकडे ओढा असलेले. याच घराण्यातील चंदूलाल यांनी १८४३ पर्यंत निजामाचा कारभार हाकला होता, आणि पेशकाराचे पद घराण्यात वंशपरंपरेने चालत आले होते. किशनप्रसाद स्वतः विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९१२ पर्यंत, आणि पुन्हा १९२६ ते १९३७ या काळात, संस्थानचे प्रधानमंत्री होते. मुसलमान राजाच्या पदरी हिंदू प्रधान असणे ही आपल्या इतिहासात नवलाची गोष्ट नव्हे. नवल आहे ते या प्रधानाच्या घरात.

'शाद' या टोपणनावाने ते उर्दू आणि फार्सीत काव्य करीत. 'फसाना-ए-आझाद'चे कर्ते रतननाथ सरशार हे काश्मिरी पंडित. त्यांना १८९५ मध्ये हैदराबादेस बोलावून महाराजांनी आश्रय दिला आणि आपले लेखन त्यांच्याकडून तपासून घेतले. खत्री शिष्य, पंडित गुरू आणि विषय पुष्कळदा प्रेषिताची स्तुती! 'नात' हा काव्यप्रकार त्यांनी मनःपूर्वक हाताळला. सूफी पंथाविषयी त्यांना वाटणारी ओढ ही दरबारी शिष्टाचाराचा भाग नव्हती. त्यांनी विवाह केले तेही हिंदू तशाच मुसलमान स्त्रियांशी. पुढे वारस झालेल्या मुलाचे नाव राजा ख्वाजा प्रसाद. आधी 'ख्वाजा', मागून 'प्रसाद'!

मराठी वाचकाला या नावाचे फार आश्चर्य वाटू नये. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाहशरीफ पिराला नवस केला आणि पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. परभणीच्या तुराबुल हकसाहेबांच्या उरुसाला आजही हिंदू यात्रेकरू जातात. पिराला नवस बोलल्याने आपण मराठा, माळी किंवा वाणी राहिलो नाही, असे त्यांच्यापैकी कोणालाच वाटत नाही. श्रद्धा एकीकडे वाहते आणि ओळख दुसरीकडे नांगर टाकून उभी असते, ही अवस्था आपल्या खेड्यांना चांगली ठाऊक आहे.

मग श्रद्धेने माणूस घडतो की नाही? किशनप्रसाद श्रद्धेने घडले होते, यात मला शंका नाही. पण त्यांची श्रद्धा आणि कारकुनाच्या रकान्यातला धर्म या दोन वस्तू एक नव्हत्या. त्यांच्या 'मी'मध्ये उर्दू भाषा होती, आसफजाही गादीवरची निष्ठा होती, चंदूलालांचा वारसा होता आणि सूफींचे वेडही होते. ज्यांना एकच शब्द हवा होता त्यांची यामुळे पंचाईत होई. हे मनातून मुसलमानच आहेत, असे काही म्हणत. हा सगळा दरबारी धूर्तपणा आहे, असे इतर म्हणत.

त्यांच्या एका मित्राचे उदाहरण उद्बोधक आहे. १९१० मध्ये कवी इक्बाल हैदराबादेस आले तेव्हा दोघांचा स्नेह जुळला आणि पुढे अनेक वर्षे पत्रव्यवहार चालला. इक्बालांचे पूर्वज काश्मिरी ब्राह्मण. पण याच इक्बालांनी १९३० मध्ये अलाहाबादेस मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदावरून भाषण करताना धर्म हा समाजाच्या राजकीय अस्तित्वाचा पाया मानला आणि वायव्येकडील मुसलमानी राज्याची कल्पना मांडली. मित्र दोघेही कवी, दोघांवर सूफी काव्याचे संस्कार, आणि 'आपण कोण' याचे उत्तर मात्र दोन टोकांना.

येथे महाराजांविषयी केवळ गौरवाने बोलून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मोटारीतून जाताना ते गरिबांवर नाणी उधळीत, असे जुने हैदराबादी लोक कौतुकाने सांगत. उधळायला नाणी असणाऱ्याला रकाना भरणे टाळता येते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला ती सवलत नव्हती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. ती शिकताना त्याचे मन विशाल होत असेल, पण ती त्याने निवडलेली नव्हती. १९३८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. त्याच वर्षी आर्य समाजाचा आणि स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. इत्तेहादुल मुसलमीनचे नेतृत्व बहादूर यार जंगांकडे गेले, आणि राज्याची सत्ता ही मुसलमान समाजाची आहे, हा विचार मोठ्या आवाजात बोलला जाऊ लागला. किशनप्रसाद वर्षभरापूर्वीच पदावरून उतरले होते. त्यांच्यासारख्या माणसाने या गर्दीत कोणत्या बाजूला उभे राहावे?

मला अधिक विचार करावयास लावते ती मात्र त्यांच्या देवडीतील एक साधी व्यवस्था. हिंदू राणीची मुले हिंदू म्हणून वाढत, मुसलमान बेगमेची मुले मुसलमान म्हणून. नावे, संस्कार, सोयरिकी सारे आईच्या धर्माप्रमाणे. स्वतः आयुष्यभर दोन्ही तीरांवर वावरलेल्या बापाने मुलांना मात्र एकेकच तीर दिला. त्यात माघार होती, असे कोणी म्हणेल. मला त्यात बापाचा व्यवहार दिसतो. आपण जे निभावून नेले ते गादीच्या आणि पैशाच्या बळावर. मुलीचे लग्न जुळवताना ते बळ पुरणार नाही, हे त्या चाणाक्ष प्रधानाला कळत असले पाहिजे. हा माझा तर्क आहे.

१९४० च्या मे महिन्यात किशनप्रसाद वारले. पुढच्याच वर्षी खानेसुमारी झाली. एका बापाची लेकरे त्या तक्त्यात निरनिराळ्या रकान्यांत लिहिली गेली असतील. सात वर्षांनी, १९४८ च्या सप्टेंबरात, भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या काही महिन्यांत माणूस कोणत्या रकान्यातला आहे यावर मराठवाड्याच्या पुष्कळ गावांत त्याचे जगणे-मरणे ठरले.