‘ना.’ म्हणजे नारायण: एका नावाचे ग्रंथकार

मराठी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे स्वतःचे नाव क्वचितच पूर्ण छापले जात असे. स्वतःचे आद्याक्षर, वडिलांचे आद्याक्षर आणि पुढे आडनाव, एवढ्यावर वाचकाने ओळख पटवून घ्यावी, असा जुना शिरस्ता. त्यामुळे ग्रंथालयाच्या यादीत ‘ना. सी.’, ‘ना. ह.’, ‘ना. ग.’, ‘ना. गो.’, ‘ना. वा.’ अशी अक्षरे ओळीने भेटतात आणि या प्रत्येक ‘ना.’मागे नारायण हे एकच नाव उभे आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ग्रंथांची मांडणी आडनावाने न करता एकदा या नावाने केली, तर एकाच फळीवर अध्यात्म, कादंबरी, तुरुंगातील रोजनिशी, गावाचा इतिहास, भयकथा, कामगारांची कविता आणि प्रभू येशूचे चरित्रकाव्य अशी विलक्षण संगत जमते. या फळीचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचे नाव काय ठेवावे, हा जो प्रश्न आमच्या उचगावसारख्या, कोल्हापूर शहराला लागून वाढणाऱ्या वस्तीतील कुटुंबांना वारंवार पडतो, त्याच्याशी या इतिहासाचा जवळचा संबंध आहे.

महाराष्ट्रात हे नाव एवढे रुळले, त्यामागे भागवतातील अजामिळाची कथा आहे. आयुष्यभर वाट चुकलेला अजामिळ मरणसमयी आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला, हाक मारतो आणि मुलाच्या निमित्ताने देवाचे नाव ओठी आल्यामुळे त्याचा उद्धार होतो. मुलाला हाक मारता मारता देवाचे स्मरण घडावे, ही आईबापांची इच्छा त्या कथेतून घरोघरी पोहोचली. आपल्यातील वडीलधारी माणसे अंतकाळी येशू, मरिया, योसेफ ही नावे ओठी यावीत म्हणून आयुष्यभर त्यांचा जप करीत आली. त्यांना ही इच्छा समजावून सांगण्याची गरज नाही.

फळीवरील पहिला मान समर्थ रामदासांचा. १६०८ साली जांब येथे ठोसर कुळात जन्मलेल्या या बालकाचे नाव नारायण होते. पुढे त्यांनी स्वतःला रामाचा दास म्हणवून घेतले आणि जगाने तेच नाव लक्षात ठेवले. वीस दशक आणि दोनशे समास असलेला ‘दासबोध’ ओवीत आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनीही ओवीच निवडली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्यास त्यांना संकोच वाटला नाही. श्रद्धा नवी आली तरी तिने भाषा जुनीच घेतली. मात्र भाषेच्या बाबतीत जे घडले, ते नावांच्या बाबतीत घडले नाही. पोर्तुगीज अमलातील गोव्यात आणि वसईत बाप्तिस्म्याबरोबर नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रीत पडली व पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

आता आपल्या कोल्हापुराकडे येऊ. नारायण सीताराम फडके १९२६ पासून १९४९ पर्यंत राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत होते. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ या त्यांच्या कादंबऱ्यांनी एका पिढीला वेड लावले. ‘प्रतिभासाधन’ या १९३१ च्या ग्रंथात त्यांनी लेखनाच्या तंत्राचा ऊहापोह केला, तर ‘गुजगोष्टी’मधून लघुनिबंध लोकप्रिय केला. १९३८ नंतर वि. स. खांडेकरही कोल्हापुरात राहू लागले आणि कला कलेसाठी की जीवनासाठी, या वादातील दोन्ही बाजूंचे धुरीण एकाच गावचे रहिवासी झाले. फडक्यांनी संततिनियमनाचा हिरिरीने पुरस्कार केला व १९२७ साली इंग्रजीत त्यावर ग्रंथही लिहिला. त्यातील विचार आपल्या धर्मसभेच्या शिकवणुकीशी जुळणारे नाहीत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि मतभेद आहे म्हणून त्यांची सुबक, प्रवाही मराठी वाचू नये, असे कोणी म्हणेल तर त्यात वाचकाचेच नुकसान आहे.

दुसरे नारायण हरी आपटे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव ही त्यांची कर्मभूमी. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर प्रभात कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झाली होती आणि १९३३ साली पुण्यास गेली. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली तरुण नायिका हा विवाह विवाहच नव्हे, असे ठामपणे सांगते. संमतीवाचून विवाह होत नाही, हे तत्त्व आपल्या धर्मसभेच्या विवाहविषयक कायद्याचाही पाया आहे. आपट्यांनी तेच तत्त्व घरगुती कादंबरीच्या रूपाने मराठी माजघरात नेले.

तिसरे नारायण गोविंद चापेकर. पेशाने न्यायाधीश. त्यांनी ‘बदलापूर’ हा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध केला. एका गावाची माणसे, जाती, शेती, बोली, चालीरीती यांची तपशीलवार नोंद करण्याइतके आपले गाव मोलाचे आहे, हे त्यांना उमगले होते. कोल्हापूरच्या विस्तारात आमच्या उचगावाची शिवारे, विहिरी, गल्ल्यांची जुनी नावे झपाट्याने विस्मरणात जात आहेत. कोणी तरुणाने चापेकरांचा कित्ता गिरवून वडीलधाऱ्यांकडून ती उतरवून घेतली, तर पुढील पिढी त्याचे उपकार मानील.

चौथ्या नारायणाने आपले नाव जवळजवळ पुसून टाकले. नारायण मुरलीधर गुप्ते हे नाव सांगितले तर अनेकांना ओळख पटणार नाही; पण ‘चाफा’ लिहिणारे कवी ‘बी’ म्हटले की लगेच पटेल. कारकुनीत आयुष्य काढलेल्या या कवीचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ साली, त्यांच्या वयाची साठी उलटल्यावर निघाला. कवितांची संख्या थोडी, परंतु मराठी कविता त्यांच्यावाचून पुरी होत नाही. शुभवर्तमानातील बी पेरणाऱ्याचा दाखला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या टोपणनावाचा एक अर्थ आपोआप सुचेल.

पाचवे नारायण गणेश गोरे, म्हणजे समाजवादी नेते नानासाहेब. १९४२ च्या लढ्यात तुरुंगात असताना लिहिलेली त्यांची ‘कारागृहाच्या भिंती’ ही रोजनिशी मराठी गद्याचे भूषण आहे. १९५५ च्या मे महिन्यात गोवामुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते सरहद्द ओलांडून गेले, त्यांनी मार खाल्ला आणि पोर्तुगीजांच्या कैदेत १९५७ पर्यंत काढली. राजकारणी माणूस भिंतीकडे, पाखराकडे, झाडाकडे इतक्या हळुवारपणे पाहू शकतो, याचे नवल ती रोजनिशी वाचताना वाटते.

सहावे नारायण धारप (१९२५–२००८). रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाने मराठीत भयकथा आणि विज्ञानकथा रुजविल्या. २०१८ साली गाजलेल्या ‘तुंबाड’ चित्रपटामागे त्यांच्या कथेची प्रेरणा होती. अशी पुस्तके मुलांच्या हाती पडू नयेत, असे काही पालकांना वाटते. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. परंतु धारपांच्या समर्थकथांत दुष्ट शक्ती कितीही प्रबळ झाली तरी चांगुलपणा तिच्यापुढे उभा राहतो आणि दुष्टपणाला दुष्टपणाच म्हटले जाते. ज्या मनोरंजनात चांगले आणि वाईट यांतील सीमाच पुसलेली असते, त्यापेक्षा हे भय कितीतरी निरोगी म्हटले पाहिजे.

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हा लेखप्रपंच, ते नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली चित्पावन कुटुंबात जन्म, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा आणि ९ मे १९१९ रोजी देहावसान. ते अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु त्यांची भजने आज कोणत्या मराठी चर्चमध्ये गायिली जात नाहीत? बाप्तिस्म्याने त्यांचे घर, जात, नातीगोती सारी हादरली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या, नंतर परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एवढ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र जागची हलली नाही, ती म्हणजे त्यांचे नाव. पाळक झाल्यावरही ते रेव्हरंड नारायण वामन टिळकच राहिले. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या आणि त्यांचा पुत्र देवदत्त नारायण टिळक म्हणून ओळखला गेला.

त्या काळी असेच सर्वत्र घडत होते, असे नाही. काशीचे विद्वान नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव स्वीकारले. तेही प्रामाणिक होते, त्यांची श्रद्धाही तितकीच खोल होती. दोन्ही वाटा ख्रिस्ताकडेच गेल्या. फरक एवढाच, की टिळकांची कविता ज्याच्या हाती पडली, त्याला ती लिहिणारा परका वाटला नाही. नावावरून पाहता तो शेजारच्या आळीतला कोणीही असू शकत होता. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलातील प्रतिभा ओळखली आणि पुढे त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. तोच बालकवी. ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूचे चरित्रकाव्य टिळकांच्या हातून अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ने तर मराठी आत्मचरित्रात अढळ स्थान मिळविले. टिळक पतिपत्नींनी ख्रिस्ती श्रद्धेला मराठी घराचा उंबरठा दिला, त्यावर नारायण आणि लक्ष्मी हीच नावे कोरलेली आहेत.

फळीवरील शेवटचे नारायण सुर्वे. १९२६ साली मुंबईत रस्त्यावर टाकून दिलेले हे अर्भक गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने आणि त्याच्या पत्नीने उचलून घरी नेले. जन्मदात्यांचा पत्ता नाही, कूळ नाही, जात नाही. नारायण हे नाव, गंगाराम हे पित्याचे नाव आणि सुर्वे हे आडनाव, तिन्ही त्या गरीब दांपत्याने दिलेली देणगी. पुढे शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेल्या या कवीने ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतून कामगाराला मराठी कवितेत मानाने बसविले आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. बाप्तिस्मा म्हणजे दत्तकपुत्रत्व, असे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवीत आलो. उचलून घेणे, आपले म्हणणे आणि नाव देणे या तीन क्रिया सुर्व्यांच्या आयुष्यात जितक्या उघड दिसतात, तितक्या क्वचितच कोठे दिसतील.

मग आईबापांच्या प्रश्नाचे काय? १९१७ च्या धर्मसभा-कायद्यात बाप्तिस्म्याला ख्रिस्ती नाव देण्याची, आणि ते शक्य न झाल्यास संताचे नाव जोडण्याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकली होती. १९८३ च्या कायद्यातील ८५५ वा नियम एवढेच सांगतो, की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईबाप, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. म्हणजे नाव परदेशी असलेच पाहिजे, असे बंधन उरलेले नाही. १७४५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नीलकंठ पिल्लै यांना ‘देवसहायम’ हे नाव मिळाले. शुभवर्तमानातील लाझरसच्या नावाचाच तो तामिळ अवतार. १५ मे २०२२ रोजी त्याच नावाने ते संतपदी विराजमान झाले.

आता कोणी मुलाचे नाव नारायण ठेवावे, असे आम्ही सुचवीत नाही. टिळकांचे ते जन्मनाव होते, त्यांनी ते जपले. निवडणे ही निराळी गोष्ट आहे. संतांची नावेही आपला अमोल ठेवा आहेत, ती टाकून देण्याचे कारण नाही. परंतु आनंद, विश्वास, कृपा, करुणा, प्रकाश अशी नावे मनात असूनही, ती चालतील की नाही या भीतीने नोंदवहीत एक नाव आणि गल्लीत दुसरे अशी विभागणी ज्या घरांत होते, त्यांनी ती भीती काढून टाकावी. दोन नावांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलाला देवळातला मी वेगळा आणि शाळेतला वेगळा असे वाटू लागते. तसे वाटण्याची गरज नाही, हे टिळकांच्या सहीने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.

आईबाप नाव ठेवून मोकळे होतात. ते नाव भरण्याचे काम मुलाला आयुष्यभर करावे लागते. कोणी ते दासबोधाने भरले, कोणी कादंबरीने, कोणी तुरुंगातल्या रोजनिशीने, तर कोणी प्रभूच्या भजनाने. वाचकहो, येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना जवळच्या वाचनालयात घेऊन जा आणि या ‘ना.’ मंडळींपैकी एकाचे तरी पुस्तक त्यांच्या हाती द्या. आरंभ ‘स्मृतिचित्रे’ने केलात तरी चालेल. लेखिकेचे नाव नारायण नसले तरी त्यातील पानोपानी एक नारायण भेटतो आणि तो आपला आहे.