रटलंड वॉटर : पिण्याच्या पाण्याचा साठा आणि पक्ष्यांचे राखीव क्षेत्र

रटलंड वॉटर हा पृष्ठभागाच्या विस्ताराने इंग्लंडमधील सर्वांत मोठा जलाशय होय. पूर्व मिडलंड्समधील वाढत्या शहरांसाठी १९७० च्या दशकात ग्वाश या लहानशा नदीच्या खोऱ्यात, एम्पिंगहॅम गावाजवळ मातीचे धरण बांधून तो तयार करण्यात आला. ग्वाशचे स्वतःचे पाणी अपुरे असल्यामुळे वेलंड आणि नेन या नद्यांचे पाणी पंपाने आणून त्यात सोडले जाते. त्याचा विस्तार बाराशे हेक्टरांहून अधिक आहे.

या पाण्याची किंमत मोजली ती हॅम्बल्टनकरांनी. नेदर हॅम्बल्टन ही वस्ती बुडाली, मिडल हॅम्बल्टनचाही बहुतेक भाग गेला. टेकडीवरचे अप्पर हॅम्बल्टन तेवढे आता पाण्याने वेढलेल्या द्वीपकल्पावर उरले आहे. नॉर्मंटनचे चर्च लोकांच्या आग्रहामुळे वाचले, तेही खालचा भाग दगडांनी भरून. स्थानिकांच्या मनाला आणखी एक घाव बसला होता. रटलंड ही चिमुकली काउंटी १९७४ मध्ये लेस्टरशरमध्ये विलीन झाली आणि १९९७ मध्ये तिला स्वतंत्र कारभार परत मिळाला. मधल्या काळात जलाशयाला काउंटीचे नाव मिळाले, ही गोष्ट रटलंडवासीयांना लहान वाटली नसावी.

जलाशयाचा पश्चिमेकडील उथळ भाग आरंभापासूनच निसर्गासाठी राखून ठेवण्यात आला. लेस्टरशर आणि रटलंड वन्यजीव न्यास त्याची देखभाल करतो. मालकी अँग्लियन वॉटर या पाणीपुरवठा कंपनीची आहे. हिवाळ्यात येथे हजारो पाणपक्षी उतरतात. त्यांतील गडवाल आणि थापट्या या बदकांच्या संख्येमुळे १९९१ मध्ये या जागेचा समावेश रामसर यादीत झाला. (गोव्यातील कुडचडे येथील नंदा तळे याच यादीत २०२२ मध्ये आले.)

अडचण अशी की, जलाशयाचे पहिले काम पाणी पुरविणे हेच आहे. मागणी वाढली की पातळी घसरते, काठ मागे सरकतो आणि उथळ पाण्यातील वनस्पतींवर जगणाऱ्या बदकांचे खाद्य उघड्या चिखलात सुकते. चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणथळ पक्ष्यांचे काही काळ फावते, पण बदकांचे हाल होतात. यावर उपाय म्हणून मुख्य जलाशयापासून बांधांनी वेगळी केलेली तळी खोदण्यात आली. त्यांची पातळी स्वतंत्रपणे राखता येते. २०२१ मध्ये अशाच एका तळ्याचे पाणी कमी केले असता सुमारे दहा मीटर लांबीच्या इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा जीवाश्म सापडला.

या राखीव क्षेत्राचे नाव सर्वदूर गेले ते मात्र ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्यामुळे. इंग्लंडमधून तो एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. १९९६ पासून स्कॉटलंडमधील घरट्यांतून पिल्ले आणून ती येथे मोकळी सोडण्यात आली. ऑस्प्रे हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत जातात आणि मोठे झाल्यावर ज्या परिसरातून प्रथम उडाले तिकडेच परततात, या सवयीवर सारी भिस्त होती. २००१ मध्ये येथे पहिले पिल्लू जन्मले. आता दर वसंतात मॅन्टन बे येथील घरट्यापाशी पक्षी परतण्याची वाट पाहत लोक निरीक्षणगृहांत दुर्बिणी लावून बसलेले असतात.