लोहारशाळा कोणाच्या मालकीची?

अनेकांनी मिळून सॉफ्टवेअर लिहायचे, तर प्रत्येक बदलाची नोंद राखणारी सामाईक जागा हवी. तिला ‘फोर्ज’, म्हणजे लोहारशाळा, म्हणतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सोर्सफोर्जची स्वतःची आज्ञावलीही मुक्त होती. कोणीही ती आपल्या सर्व्हरवर बसवावी. २००१ मध्ये व्हीए लिनक्स कंपनीने पुढील आवृत्त्या बंदिस्त केल्या. पण एकदा दिलेले परत घेता येईना : जुन्या मुक्त प्रतीवरच ग्नूचे सव्हाना आणि जीफोर्ज उभे राहिले.

ऑक्टोबर २०२२. ‘गिटी’चे नाव व डोमेन नव्या कंपनीकडे गेल्याचे अनेक योगदात्यांना घोषणेतूनच कळले. नाव गेले, आज्ञावली उरली. डिसेंबरात तिच्यावरून, बर्लिनच्या कोडबर्ग संस्थेच्या आश्रयाने, ‘फोर्जेयो’ निघाले (एस्परांतोत अर्थ लोहारशाळाच). २०२४ मध्ये त्याने जीपीएल परवाना स्वीकारला : सुधारित प्रत वाटायची, तर तिची आज्ञावलीही खुली द्यावी लागेल.