आंबट पाण्याचे माप

दाभोळच्या खाडीत होडी चालवणाऱ्या आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांवर जुनाच आरोप आहे: तुमच्या डिझेलने पाणी आम्लधर्मी झाले, तिसऱ्या मेल्या. मी पीएचची कागदी पट्टी पाण्यात बुडवली. आकडा आला 8. समुद्राचे पाणी साधारण तेवढेच असते.

आम्लाच्या विरुद्ध टोकाला अल्कली. हा शब्द अरबी ‘अल्-क़ली’वरून आला, क़ली म्हणजे खारवट झाडांची राख. पण आंबटपणा आकड्यात मांडला तो 1909 साली, कोपनहेगनमध्ये. कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी पीएच मोजपट्टी तयार केली. तिच्यावर एक अंक खाली आला की आम्लता दहापट वाढते.

इंधन पाणी आंबट करते ते त्यातल्या गंधकामुळे. गंधक जळाले की धूर होतो, धुराचे पाण्यात गंधकाम्ल होते. मँचेस्टरच्या कोळशाच्या धुरातले हे आम्ल रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी पावसात शोधले. त्यांच्या 1872 च्या ग्रंथात ‘आम्ल पाऊस’ हा शब्द आहे.

आता हिशेब पाहा. 2020 पासून आपल्या पंपांवरच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत 10 भाग. त्याच वर्षी जगभरच्या जहाजांसाठी मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आली, म्हणजे दहा लाखांत 5,000 भाग! त्यातही एक पळवाट राहिली: धूर समुद्राच्या पाण्याने धुणारे यंत्र बसवा आणि जुनेच स्वस्त तेल जाळा. ते धुतलेले आंबट पाणी बहुतेकदा समुद्रातच सोडले जाते. सोरेन्सन यांच्या डेन्मार्कने 1 जुलै 2025 पासून आपल्या किनाऱ्यालगत 12 सागरी मैलांत असे पाणी सोडण्यावर बंदी घातली.

म्हणजे चाचा निर्दोष? नाही. समुद्राच्या पाण्यातले क्षार थोडे आम्ल पचवतात, त्यामुळे 8 हा आकडा पाणी स्वच्छ असल्याचा दाखला नव्हे. पट्टीला तेल कळतच नाही. मी चाचांना म्हटले, “पाणी आंबट केल्याचा आरोप तुमच्यावर टिकत नाही. पण इंजिनाची गळती बंद करा, जळके ऑईल खाडीत ओतू नका.”

चाचा म्हणाले, “गळती उद्याच बघतो. पण त्या मोठ्या जहाजांना कोण सांगणार?”

त्यांचा प्रश्न रास्त आहे. पट्टी घेऊन आपण नेहमी होडीवाल्याच्याच दारात उभे राहतो.