पहाटे ४.५० ते सकाळी ८.२०

१९८५ मध्ये बजाज ऑटोचं उत्पादन वाळूजला सुरू झालं आणि कारखान्यांच्या आधाराने कामगारांची वस्ती वाढत गेली, ती बजाजनगर. खालचा घटनाक्रम इथल्या कुणा एकाचा नाही. माणूस कल्पिलेला आहे, त्याच्या छातीत जे घडतं ते मात्र खरं आहे. वय ४६, पहिली पाळी, तंबाखूची सवय, रक्तदाबाची गोळी आठवली तर घेतो.

पहाटे ४.५०
जागं होण्याच्या सुमाराला शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, रक्तदाब चढतो, रक्तातल्या बिंबिका अधिक चिकट होतात. म्हणूनच हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळात जास्त येतात. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणाऱ्या, ३-४ मिलिमीटर रुंदीच्या धमनीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचलेला असतो. आज त्याचं पातळ आवरण फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली. बिंबिका धावून येतात आणि काही मिनिटांत गुठळी नळी बंद करते.

५.००
छातीवर कुणी बसल्यासारखं दडपण.

मुठीएवढं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं आणि दिवसाला सुमारे १ लाख ठोके देतं. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू प्राणवायूने भरलेलं रक्त सगळ्या शरीराला. पण कप्प्यांतून अखंड वाहणाऱ्या या रक्तातून हृदयाच्या जाड स्नायूला जवळपास काहीच मिळत नाही. त्याचा वाटा महाधमनीच्या तोंडाशी फुटणाऱ्या दोन हृदयधमन्यांतून येतो, तोही मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. टाकी पेट्रोलने भरलेली आणि पाइपात कचरा अडकलेला, अशी दुचाकी इथल्या प्रत्येक कामगाराने पाहिली आहे. या क्षणी या माणसाच्या हृदयाची तीच गत आहे.

५.१०
"अहो, केवढा घाम आलाय! चला, दवाखान्यात जाऊ."

"काही नाही गं, ॲसिडिटी आहे. रात्रीचा ठेचा बाधला. इनो दे."

डावा हात भरून आलाय, जबडा ओढल्यासारखा वाटतोय. हृदयाकडून येणाऱ्या आणि हाता-छातीकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत एकाच भागात पोचतात, म्हणून मेंदूला दुखण्याची नेमकी जागा कळत नाही.

५.३०
रक्त तुटल्यावर साधारण २० ते ४० मिनिटांत स्नायूच्या पेशी मरू लागतात. सुरुवात आतल्या थरापासून होते आणि मरण बाहेरच्या दिशेने सरकत जातं. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथे वण राहतो. अजून बराच भाग जिवंत आहे. याच वेळी ईसीजी निघाला असता तर बहुधा दोष दिसला असता.

६.००
पहिला तास संपला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तासात मिळालं, तर उपचार झालेल्या दर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जास्तीचे जीव वाचतात, दुसऱ्या तासात सुमारे ३७. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणाचे हे आकडे आहेत. इनो पिऊन झालंय. ढेकर आल्याने बरं वाटल्याचा भासही झालाय.

६.१५
कंपनीची बस. खाडा पडला तर पैसे कापले जातील ही भीती खोटी नाही, आणि तिच्यासाठी त्याला दोष देणं मला जमत नाही. शिवाय "आपल्याला काय होतंय" ही समजूत. ज्यांनी असंख्य हृदयं दुरुस्त केली, त्या डॉ. नितू मांडके यांनाही २२ मे २००३ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानेच नेलं.

८.०५
यंत्रासमोर भोवळ. सोबती त्याला मोटरसायकलवर मधे बसवतात आणि शहराकडे निघतात. नगर रोडवर ट्रक, कंटेनर आणि पाळीची वाहतूक.

८.२०
रक्ताविना तडफडणाऱ्या स्नायूतली विजेची शिस्त मोडते. हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते. मागच्याला वाटतं, याला झोप लागली. छाती दाबायला कुणी नाही, विजेचा झटका द्यायला यंत्र नाही. रक्ताविना मेंदू चार-पाच मिनिटांपलीकडे टिकत नाही.

छातीतलं दडपण १५ मिनिटांत गेलं नाही किंवा सोबत घाम, धाप असली, तर १०८ लावा. त्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. मधुमेह्यांना आणि बायकांना कधी छातीत न दुखता नुसतीच धाप लागते, मळमळतं, तेव्हाही थांबू नका. माणूस कोसळला, श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. आणि दवाखान्यात पोचताच आधी ईसीजी मागा. तो दहा मिनिटांच्या आत निघायला हवा.