बाळसे आणि दुष्काळ

मूल अंगाने भरले की आपल्याकडे कोणी त्याचे वजन सांगत नाही. ‘बाळसं धरलं हो!’ म्हणतात, आणि पाठोपाठ आजी गालावर काजळाची तीट लावते. शेजारच्या किडकिडीत पोराकडे पाहून मात्र ‘याला घरी घालतात की नाही?’ असा प्रश्न येतो. गुटगुटीत ते निरोगी, हे आपल्या मनात इतके घट्ट का बसले? मला वाटते, याचे उत्तर दुष्काळांच्या इतिहासात आहे.

१८७६-७८ चा दुष्काळ घ्या. सोलापूर, नगर, सातारा, पुणे हे जिल्हे होरपळले. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याला रोजी एक पौंड धान्य व वर एक आणा पुरे, असे ठरवून टाकले. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच की! खडी फोडणाऱ्याने त्यात स्वतः खायचे किती आणि पोराला द्यायचे किती? पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध अर्ज केले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० आले. अशा वर्षांत आधी दगावत ती अशक्त पोरे. अंगावर मांस असलेले मूल एखादा वाईट उन्हाळा काढू शके. बाळसे ही त्या काळी हौस नव्हती. घरातली शिल्लक होती.

१९७२ तर पुष्कळांना आठवत असेल. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो. त्या सुकडीवर वाढलेली मुलगी आज आजी आहे. नातवाने तोंड फिरवले तरी चिऊचे, काऊचे, मामाचे नाव घेऊन ती आणखी एक घास भरवते. तिला हसू नका. पण पोट भरल्याची खूण मुलाला उपजत कळते आणि रोजच्या आग्रहाने ती बुजत जाते, हेही खरेच.

त्यातच गावच्या दुकानात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. रडले तरी पुडा, शहाण्यासारखे वागले तरी पुडा! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. वाजवीपेक्षा जाड मुलेही २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेली. दोन्ही प्रकार एकाच गावात, कधी एकाच घरात दिसतात.

एकाच घरात कसे? वाढण्याचा क्रम पाहा. कित्येक घरांत पुरुष आधी, मुलगे त्यांच्या मांडीला मांडी लावून, आणि लेकी आईबरोबर मागून. दुधावरची साय कोणाच्या वाटीत पडते, ते गुरुजी, तुम्ही वर्गातल्या मुलींना विचारून पाहा. शाळेत मात्र पंगत एक. १९९५ साली देशभर शालेय आहाराची योजना आली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले अन्न मिळू लागले. घरी पालेभाजीला नाक मुरडणारे पोर तिथे शेजारच्याचे पाहून तीच भाजी मुकाट्याने खाते, आणि मागच्या रांगेतली मुलगी संकोच सोडून दुसऱ्यांदा ताटली पुढे करते.